ताठपणाचे इंग्रजी शब्द : कोणता कोठे वापरावा

एखाद्या व्यक्तीच्या वागण्यातील मोकळेपणाचा अभाव सांगण्यासाठी इंग्रजीत डझनभर तरी विशेषणे आहेत, आणि मराठीत आणताना आपण त्यांतल्या बहुतेकांची बोळवण 'औपचारिक' किंवा 'ताठर' या दोनच शब्दांवर करतो. वाचताना त्याने फारसे बिघडत नाही. लिहिताना मात्र बिघडते, कारण यांतील एक शब्द शिष्टाचाराची प्रशंसा करतो, तर त्याच्या शेजारचा दुसरा जवळजवळ अपमान करतो. म्हणून शब्द निवडण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा: या माणसाचा ताठपणा आला कोठून? अंगातून, नियमांच्या आदरातून, नीतीच्या कल्पनेतून, की स्वतःच्या मोठेपणाच्या जाणिवेतून?

'फॉर्मल' हा शब्द यांपैकी कशाचाही निवाडा करत नाही. तो पत्राला, पोशाखाला, समारंभाला आणि माणसालाही लागतो, आणि शंका असेल तेव्हा तोच वापरणे सुरक्षित असते. 'स्टिफ' आधी शरीराचा आहे: ताठ मानेने केलेले अभिवादन, ओढूनताणून आणलेले हसू. माणूस 'फॉर्मल' असूनही प्रेमळ असू शकतो. 'स्टिफ' म्हटले की ऊब गेली. मात्र हा ताठपणा लाजेमुळे किंवा रागामुळे तेवढ्यापुरता आलेला असू शकतो, तो स्वभावच असला पाहिजे असे नाही. 'स्टिफ अपर लिप' या वाक्प्रचाराचा शिष्टाचाराशी संबंध नाही. संकटातही भावना चेहऱ्यावर दिसू न देण्याबद्दल तो वापरतात आणि त्यात बहुधा कौतुक असते.

'स्टार्ची' आणि 'स्टफी' यांची गल्लत नेहमी होते. स्टार्च म्हणजे कपड्याला घालायची खळ, तेव्हा 'स्टार्ची' माणूस कडक, करकरीत आणि थोडा हास्यास्पद असतो. 'स्टफी'मागे खिडक्या बंद असलेली कोंदट खोली आहे. त्यामुळे तो एकट्या माणसाइतकाच संस्थेला, सभेला, एखाद्या घरातील वातावरणाला शोभतो, आणि त्यात जुनाटपणाची छटा येते. नव्या कल्पनेने जो दचकतो तो 'स्टफी'. जो केवळ गळ्याचे बटण सोडत नाही तो 'स्टार्ची'.

पुस्तकांतून इंग्रजी शिकलेल्या आपल्यासारख्यांनी सर्वांत आधी आत्मसात करावा असा शब्द माझ्या मते 'स्टिल्टेड' हा आहे, कारण तो आपल्याच लेखनाला लागू होण्याचा संभव अधिक. स्टिल्ट म्हणजे चालण्यासाठी पायांखाली घेतलेल्या उंच काठ्या. त्यांवर चढलेला माणूस उंच दिसतो, पण त्याचे चालणे अवघडलेले असते, आणि नेमकी हीच अवस्था भाषेची झाली की ती 'स्टिल्टेड' होते. 'थँक यू फॉर युअर लेटर' असे साधे लिहिता येत असताना 'आय अ‍ॅम इन रिसीट ऑफ युअर एस्टीम्ड लेटर' लिहिणे हे त्याचे उत्तम उदाहरण. हा शब्द मुख्यतः संभाषण, संवाद आणि गद्य यांनाच लावावा. माणसाच्या अभिवादनाला 'स्टिफ' म्हणावे, भाषणाला 'स्टिल्टेड', आणि नटाच्या निर्जीव अभिनयाला 'वुडन'.

नीतीच्या बाजूचे शब्द अधिक धोक्याचे आहेत. 'स्ट्रेटलेस्ड' मधला 'स्ट्रेट' म्हणजे सरळ नव्हे, तर अरुंद, आवळलेला. अंगाभोवतीच्या चोळीची नाडी घट्ट ओढलेली, असे मूळ चित्र आहे. (सरळ या अर्थाच्या 'स्ट्रेट'चे स्पेलिंग आता इतके रूढ झाले आहे की त्याला चूक म्हणणे कठीण, तरी जुने लक्षात ठेवले की अर्थ विसरत नाही.) असा माणूस नीतिनियमांत कडक असतो, पण तो प्रामाणिक असतो. 'प्रिम' मध्ये नीतीपेक्षा नीटनेटकेपणा आणि मिटलेले ओठ दिसतात; शब्द बहुधा स्त्रियांबद्दल वापरला गेला आहे, म्हणून आज तो जपून वापरावा. 'प्रुडिश' लैंगिक विषयांबाबतच्या अतिसंकोचापुरता मर्यादित आहे. मराठीतला 'सोवळेपणा' त्याच्या जवळ जातो. 'प्रिगिश' सर्वांत कठोर: स्वतःच्या सद्गुणांचा तोरा मिरवून इतरांना कमी लेखणारा. केवळ वेळ पाळणाऱ्या सहकाऱ्याला हा शब्द लावला, तर लेखकच अन्यायी ठरतो.

त्या सहकाऱ्यासाठी 'पंक्टिलिअस' आहे. त्याचे मूळ लॅटिनमधील बिंदू या अर्थाच्या शब्दात असून, शिष्टाचाराचा बारीकसा मुद्दाही न सोडणारा असा त्याचा अर्थ होतो. तो बहुधा आदरानेच वापरतात. 'डेकोरस' प्रसंगाला शोभेल असे वागणाऱ्याला म्हणतात, तर 'स्टेड' शांत, प्रौढ आणि किंचित कंटाळवाण्याला. 'सेरेमोनिअस' व 'सेरेमोनियल' यांत मात्र सावध राहावे: तलवार किंवा पोशाख 'सेरेमोनियल' असतो, आणि पाहुण्याला चार वेळा लवून खुर्ची देणारा यजमान 'सेरेमोनिअस'. तोच यजमान खुर्ची देताना आपल्या पदाचा उल्लेख करू लागला, तर 'पॉम्पस' झाला.

हा ताठपणा सैल होतो तेव्हा वापरायचे क्रियापद 'अनबेंड' हे आहे, आणि ते आपल्याला हमखास चकवते. 'बेंड' म्हणजे वाकणे, तेव्हा 'अनबेंड' म्हणजे पुन्हा ताठ होणे असे वाटते. परंतु मुळातले चित्र धनुष्याचे आहे: ताणून वाकवलेल्या धनुष्याची दोरी उतरवली की ते सरळ होते आणि त्यावरचा ताण जातो. त्यामुळे जेवणानंतर यजमान 'अनबेंड' झाला असे वाचले, तर तो मोकळेपणाने गप्पा मारू लागला असे समजावे.