हलक्या लिनक्स डेस्कटॉपवर सर्व्हिसेसना हात लावताय? या चुका टाळा

जुन्या लॅपटॉपवर लुबुंटू किंवा डेबियन-एक्सएफसीई टाकून दिलं की काही दिवसांनी फोन ठरलेला. वाय-फाय गेलं, आवाज येत नाही, पेनड्राइव्ह दिसत नाही. पुढचं वाक्यही ठरलेलं: "ड्रायव्हरचा प्रॉब्लेम असेल." बहुतेक वेळा ड्रायव्हर बिचारा नीट चालू असतो. बिघाड असतो कर्नल (सिस्टमचा गाभा) आणि डेस्कटॉप यांच्या मधल्या थरात. यूडिस्क्स (डिस्क, पेनड्राइव्ह), यूपॉवर (बॅटरी), पोलकिट (परवानग्या), लॉगिनडी (लॉगिन, सेशन) या पाठीमागे चालणाऱ्या सर्व्हिसेस ही त्या थरातली मंडळी. ग्नोम किंवा केडीईमध्ये ती एकमेकांशी जोडूनच मिळतात. हलक्या डेस्कटॉपवर, विशेषतः नुसत्या ओपनबॉक्स या विंडो मॅनेजरवर, काही सांगड आपल्याला घालावी लागते. त्यासाठी कोण काय करतं एवढं तरी माहीत हवं, आणि नेमकं तेच वाचायला कुणाला वेळ नसतो.

रॅम वाचवायला सर्व्हिसेस मास्क करणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण हिच्यापायी चांगले लॅपटॉप भंगारात जाताना पाहिले आहेत.

ओळखीतली एक कॉलेजची मुलगी, 2 जीबी रॅमचा लॅपटॉप, त्यावर एक्सएफसीई. मशीन व्यवस्थित चालत होतं. एका व्हिडिओत 'नको असलेल्या सर्व्हिसेस'ची यादी बघून तिने ती सगळीच्या सगळी मास्क केली, म्हणजे सुरूच होऊ शकणार नाही अशी बंद केली. रीबूट केल्यावर वाय-फाय गायब. आता नेटच नाही, म्हणजे शोधायचं तरी कुठे? दुकानदाराने कार्ड गेलंय म्हणून सांगितलं आणि यूएसबी वाय-फाय डोंगल विकला. तोही चालेना. मग लॅपटॉप माझ्याकडे आला.

आधी एलएसपीसीआय, म्हणजे मशीनमधली कार्डं दाखवणारी आज्ञा, छोट्या के-सोबत (lspci -k) चालवली. कार्ड अथेरॉसचं, ड्रायव्हर एटीएच9के, लोड झालेला. म्हणजे कर्नलला कार्ड दिसतंय. मग नेटवर्कमॅनेजरला, म्हणजे नेट जोडून देणाऱ्या सर्व्हिसला, विचारणारी आज्ञा एनएमसीएलआय डिव्हाइस (nmcli device): वाय-फायपुढे 'अनअव्हेलेबल'. इथेच उत्तर होतं. नेटवर्कमॅनेजर वाय-फायचा पासवर्ड तपासण्याचा व्यवहार स्वतः करत नाही, ते काम डब्ल्यूपीए सप्लिकंटचं. तो हाकेला ओ देत नसेल तर नेटवर्कमॅनेजर कार्ड बाजूला ठेवून देतो, मग कार्ड आतलं असो की नवं विकत आणलेलं. सप्लिकंटचं स्टेटस बघितलं: 'मास्क्ड'. त्याच रांगेत यूडिस्क्स, म्हणून पेनड्राइव्ह फाइल मॅनेजरमध्ये येत नव्हता. यूपॉवरही तिथेच, म्हणून बॅटरीची टक्केवारी गेली होती. तीन वेगळे बिघाड वाटत होते, कारण एक. सगळ्यांना अनमास्क केलं, रीबूट केलं, सगळं जागेवर आलं. डोंगलचे पैसे मात्र गेले.

डिसेबल आणि मास्क यांतला फरक समजून घ्या. डिसेबल केलेली सर्व्हिस बूट होताना आपणहून सुरू होत नाही, पण यूडिस्क्ससारख्या सर्व्हिसला डी-बसवरून (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात तो मार्ग) कुणी बोलावलं तर ती उठते. मास्क केलं की तिच्या नावाची लिंक थेट डेव्ह-नल (/dev/null) या रिकाम्या फाइलकडे जाते, मग ती कुणीही, सर्वाधिकारी रूट खात्यानेसुद्धा, सुरू करू शकत नाही. आणि हे सगळं कशासाठी? या सर्व्हिसेस मिळून थोडेसे एमबी खातात. ब्राउझरचा एक जड टॅब शेकड्यांनी खातो. 2 जीबीच्या मशीनवर रॅम वाचवायची तर टॅब कमी करा आणि झेडरॅम (रॅममधला मजकूर दाबून जागा वाचवणारी सोय) लावा.

मी स्वतः फार तर दोन-तीन गोष्टी बंद करतो. प्रिंटर नसेल तर कप्स-ब्राउझ्ड. सिमवाला डोंगल वापरत नसाल तर मोडेममॅनेजर. अर्डुइनो जोडणाऱ्यांना याचा फायदाही होतो, कारण मोडेममॅनेजर सीरियल पोर्टवर मोडेम आहे का ते चाचपत बसतो. पण डिसेबल, मास्क नाही. एका वेळी एकच, मग दोन दिवस वापर, आणि काय बंद केलं ते होम फोल्डरमधल्या एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवतो. ज्यांना दहा ओळी एकदम पेस्ट करायच्या असतात त्यांना ही पद्धत संथ वाटते. वाटू दे.

कुणाचं बिघडलेलं मशीन हातात आलं तर सर्व्हिसेस सांभाळणाऱ्या सिस्टमसीटीएल (systemctl) आज्ञेला मास्क्ड युनिटची (सर्व्हिसेसची) यादी विचारा, अर्धा मिनिट लागतो.

आवाज नाही म्हणून स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये घालणं

हा जुन्या जमान्यातला सल्ला अजून हिंडतोय. लॉगिन स्क्रीनवरून तुम्ही आत आलात की लॉगिनडी तुमच्या सेशनची नोंद करतो आणि तुम्ही प्रत्यक्ष मशीनसमोर बसला आहात म्हणून साउंड कार्ड, कॅमेरा वगैरेंची परवानगी तुम्हाला देतो. दुसऱ्याने लॉगिन केलं की ती त्याच्याकडे जाते. गेटएफएसीएल (कुणाला परवानगी आहे ते दाखवणारी आज्ञा) वापरून डेव्हच्या एसएनडी फोल्डरमधली (/dev/snd) कंट्रोलची फाइल बघा, तुमचं नाव तिथे दिसेल. कायमचं ऑडिओ ग्रुपमध्ये गेलात तर ही व्यवस्थाच मोडते. घरात दोघांची दोन खाती असतील तर एकाने अडवलेलं साउंड कार्ड दुसऱ्याला मिळत नाही.

नाव दिसत नसेल तर लॉगिनसीटीएलने सेशन-स्टेटस बघा. तिथे सीट0 (मशीनसमोरची जागा) आणि 'ॲक्टिव्ह' हवं. ते नसेल तर दुखणं सेशनचं आहे, आणि ग्रुप बदलून ते बरं होणार नाही.

त्यात हा सल्ला ज्या आज्ञेने पाळला जातो ती आणखी वाईट. खातं बदलणाऱ्या यूजरमॉड (usermod) आज्ञेला मोठा जी (-G) दिला आणि छोटा ए (-a) विसरलात, तर नव्या ग्रुपमध्ये जाता आणि बाकी सगळ्या जोड-ग्रुपांतून बाहेर पडता. रूटचे अधिकार देणाऱ्या सुडो ग्रुपमधूनसुद्धा. आज्ञा चुपचाप पार पडते, पुढच्या लॉगिनला कळतं की आपल्याच मशीनवर आपला अधिकार गेला. तेव्हा फॉरमॅट मारू नका. उबुंटू घराण्यात बूट होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून रिकव्हरी मोड, तिथे रूट शेल, मूळ विभाजन लिहिण्याजोगं रीमाउंट करा, आणि ॲडयूजरला आपलं नाव व सुडो हे दोन शब्द द्या. मी तर डेबियन-उबुंटूवर ग्रुपसाठी नेहमी ॲडयूजरच वापरतो. ते फक्त भर घालतं, काढून काही घेत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

आवाज सांभाळणाऱ्या पाइपवायर आणि वायरप्लंबर या तुमच्या खात्याच्या सर्व्हिसेस आहेत. त्यांना सिस्टमसीटीएल 'यूजर' पर्यायासह, सुडो न लावता. सुडो लावलंत तर ती आज्ञा तुमच्या सेशनपर्यंत पोहोचतच नाही.

फाइल मॅनेजर आतलं विभाजन उघडताना 'नॉट ऑथराइज्ड' म्हणून थांबतो आणि पासवर्ड विचारतच नाही? पासवर्डची खिडकी दाखवणारा पोलकिटचा एजंट चालू नाही. एलएक्सक्यूटीचा, एक्सएफसीईचा, एलएक्सडीईचा, कुठलाही एक ऑटोस्टार्टमध्ये घाला. एकच.

ओपनबॉक्सच्या ऑटोस्टार्ट फाइलमध्ये चालूच राहणाऱ्या प्रोग्रामच्या ओळीच्या शेवटी अँपरसँड (&) विसरलात तर खालचं काही सुरूच होणार नाही.

एक्सएफसीईमध्ये लॉगआउट करताना 'सेव्ह सेशन'वर खूण राहिली की नेटवर्कचं चिन्ह दोनदा दिसण्यासारखे प्रकार होतात. जतन केलेली सेशन्स पुसा.

झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपत नसेल किंवा झोपून लगेच उठून पुन्हा झोपत असेल तर लॉगिनडी आणि पॉवर मॅनेजर दोघेही झाकणावर हक्क सांगताहेत का बघा. सिस्टमडी-इनहिबिटची यादी कुणी काय अडवलंय ते नावानिशी सांगते. लॉगिनडीची कॉन्फिग बदलल्यावर काम चालू असताना ती सर्व्हिस रीस्टार्ट करू नका, ग्राफिकल सेशन कोसळू शकतं. काम जतन करून रीबूट करा.

टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डीमन, दोन्ही विजेचा वापर सांभाळतात, एकत्र नकोत.

मराठी टायपिंगचे व्हेरिएबल बॅशआरसीत टाकणं

आयबस (इनपुट मेथड चालवणारा प्रोग्राम) बसवलं, एम17एन (त्यासाठी भाषांचे कीबोर्ड देणारं पॅकेज) घेतलं, मराठी इन्स्क्रिप्ट निवडलं, आणि टायपिंग टर्मिनलवरून उघडलेल्या एडिटरमध्येच चालतं. मेनूतून तोच एडिटर उघडला की इंग्रजी. कारण जीटीके आणि क्यूटीला इनपुट मेथड सांगणारी व्हेरिएबल्स बॅशआरसीत आहेत, आणि ती फाइल टर्मिनल उघडल्यावर वाचली जाते. मेनू आणि पॅनल त्याआधीच, सेशनसोबत जन्माला आलेले असतात, त्यांना ती कधी दिसलेलीच नसतात. आणखी एक गल्लत: एक्सइनिटआरसीत टाकणं. लाइटडीएम किंवा एसडीडीएम यांच्या लॉगिन स्क्रीनमधून लॉगिन करत असाल तर ती फाइल सहसा कुणी उघडत नाही.

डेबियन-उबुंटूवर आयएम-कॉन्फिग चालवा, आयबस निवडा, बॅशआरसीतल्या जुन्या ओळी काढा. मग पूर्ण लॉगआउट करून परत आत या. टर्मिनल बंद करून उघडल्याने सेशन बदलत नाही.