गल्लीतील भरधाव वाहने कशी आवरावीत : सीमाभागातील रहिवाशांसाठी

गल्लीतून सुसाट जाणाऱ्या वाहनांचा विषय पंच मंडळींच्या बैठकीत निघाला की पहिली मागणी गतिरोधकाची होते, आणि ती बहुधा चुकीच्या कार्यालयात जाऊन अडकून पडते. म्हणून अर्ज लिहिण्याआधी रस्ता कोणाच्या ताब्यात आहे आणि वाहने तेथून नेमक्या किती वेगाने जातात, या दोन गोष्टी आपल्याला ठाऊक असायला हव्यात.

टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ येथील अंतर्गत रस्ते बेळगाव महानगरपालिकेकडे आहेत, कॅम्पमधील रस्त्यांसाठी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे जावे लागते, निपाणीत नगरपालिकेकडे, तर खेड्यात ग्रामपंचायतीच्या पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे). मात्र गावाच्या मधून जाणारा रस्ता राज्य किंवा जिल्हा मार्ग असेल तर तो सार्वजनिक बांधकाम खात्याचा असतो आणि ग्रामपंचायतीला त्यावर एक पाटीही आपल्या मर्जीने लावता येत नाही. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर गतिरोधक मागण्यात अर्थ नाही. तेथील मागणी सर्व्हिस रोड, भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल यांची असावी.

वेग मोजण्यासाठी यंत्राची गरज नाही. रस्त्याच्या सरळ भागात टेपने ५० मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांना खडूने रेघ मारावी आणि मोबाईलवरील स्टॉपवॉच हाती घेऊन बाजूच्या कट्ट्यावर बसावे. पहिली रेघ ओलांडल्यापासून दुसरी ओलांडेपर्यंत लागलेल्या सेकंदांनी १८० ला भागले की ताशी किलोमीटरमधील वेग मिळतो : ६ सेकंद लागले तर ३०, साडेचार लागले तर ४०, ३ लागले तर ६०. ही मोजणी शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी, तसेच रात्री जेवणानंतर रस्ता मोकळा होतो तेव्हा, अशी वेगवेगळ्या प्रहरी करावी. टिळकवाडीच्या आतल्या रस्त्यांवर राहणाऱ्यांनी रेल्वे गेट पडलेले असतानाची नोंद स्वतंत्र ठेवावी, कारण त्या वेळी वाट शोधणारी वाहने गल्लीत शिरतात आणि त्यांची घाई निराळी असते. साधारण शंभर वाहनांची नोंद झाली की वेग चढत्या क्रमाने लिहून ८५ वा आकडा पाहावा. रस्त्याचा खरा वेग म्हणून अभियंते हाच आकडा धरतात, आणि ‘फार जोरात जातात हो’ या वाक्यापेक्षा तो टेबलावर अधिक टिकतो.

वस्तीत ताशी ३० किलोमीटरचा आग्रह धरण्याचे कारण साधे गणित आहे. ५० च्या वेगाने येणाऱ्या चालकाला पोर दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तरी तेवढ्यात वाहन सुमारे १४ मीटर पुढे गेलेले असते आणि कोरड्या रस्त्यावरही थांबायला पुढे तितकेच अंतर लागते. ३० च्या वेगाला ही सगळी बेरीज १३ मीटरच्या आसपास भरते. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात दोन्ही अंतरे आणखी लांबतात.

आता गतिरोधकाविषयी. रात्रीतून सिमेंट ओतून उभारलेला अरुंद, उभट उंचवटा हा गतिरोधक नव्हे. दुचाकीच्या मागे बसलेल्या वृद्ध आईची कंबर तो मोडतो, रुग्णवाहिकेला अडवतो, आणि परवानगी नसल्याने कोणी पडले तर बोट गल्लीकडेच दाखवले जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोलाकार गतिरोधक वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर लांब आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच असतो. साधारण २५ च्या वेगाने तो धक्का न बसता ओलांडता येतो. त्यावर काळे-पांढरे पट्टे हवेत, साधारण ४० मीटर अलीकडे सूचना फलक हवा आणि गटाराकडे पाणी वाहून जायला कडेला फट हवी, नाहीतर पहिल्याच पावसात समोरच्या घरात तळे साचते. एकच गतिरोधक घातल्यास वाहने तो ओलांडून पुन्हा जोर धरतात. म्हणून रस्ता लांब असेल तर १०० ते १२० मीटरवर दुसरा मागावा.

माझ्या मते मात्र गतिरोधक हा पहिला उपाय नसावा. रस्ता रुंद, गुळगुळीत आणि नाकासमोर सरळ असला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो, मग फलकावर काहीही लिहिलेले असो. काँक्रीट झालेल्या अनेक रस्त्यांवर हे रोज दिसते. कोपऱ्यावरचा पदपथ थोडा पुढे आणून वळण काटकोनी केले तर वाहनाला हळू झाल्याशिवाय वळताच येत नाही. पार्किंग काही अंतर डावीकडे, काही अंतर उजवीकडे आखले की सरळ धाव मोडते. शाळेसमोर पदपथाच्या पातळीला उचललेले रुंद झेब्रा क्रॉसिंग मागावे, कारण त्यामुळे गतिरोधक आणि क्रॉसिंग ही दोन्ही कामे एकाच खर्चात होतात.

अर्जाच्या भाषेवरून आपल्याकडे कामापेक्षा वादच अधिक होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते, तेव्हा मराठी अर्ज देण्याचा हक्क सोडू नये. पण सोबत कन्नड प्रत जोडली तर फाईल भाषांतरासाठी पडून राहत नाही. अर्जाला वेगाचा तक्ता, जागेचा हाताने काढलेला नकाशा आणि दोन्ही बाजूंच्या घरांच्या सह्या जोडाव्यात. ज्याच्या दारासमोर उपाय होणार आहे त्याची सही आधी घ्यावी, कारण काम सुरू झाल्यावर विरोध तिथूनच येतो. एक प्रत नगरसेवकाला, एक रहदारी पोलीस ठाण्याला आणि एक जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला देऊन प्रत्येक ठिकाणची पोहोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारावे. त्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

चालकांशी गल्लीत हुज्जत घालू नये. क्रमांक, वेळ आणि दिशा टिपून ठाण्यात द्यावी, तातडीचे असेल तर ११२ वर फोन करावा. चालक गल्लीतलेच अल्पवयीन पोर असेल तर पंचांनी त्याच्या घरी जाऊन मोटार वाहन कायद्याचे कलम १९९ अ समजावून सांगावे : पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. हे ऐकल्यावर किल्ली बहुधा कपाटात जाते.

चिकोडी, निपाणी भागात गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडून, गाणी लावून गावातून जाणारे उसाचे ट्रॅक्टर हा निराळा प्रश्न आहे. त्यांच्यासाठी गतिरोधक उलट धोक्याचा, कारण उसाने भरलेली ट्रॉली त्यावर हेलकावे खाते. हंगामापूर्वीच कारखाना व पोलीस यांच्याबरोबर ग्रामपंचायतीची बैठक घेऊन शाळेच्या वेळेत वाहतूक बंद ठेवणे, मागे परावर्तक पट्ट्या लावणे आणि आवाज इतकाच ठेवणे की मागच्या वाहनाचा हॉर्न चालकाला ऐकू येईल, हे लेखी ठरवून घ्यावे.

काम झाल्यावर महिनाभराने त्याच रेघांवर, त्याच वेळी पुन्हा मोजणी करावी. ८५ वा आकडा उतरला नसेल तर जुना आणि नवा तक्ता एकत्र जोडून दुसरा अर्ज द्यावा. उतरला असेल तर पावसाळ्यानंतर पट्टे पुन्हा रंगवण्याची मागणी तेवढी वेळेवर करावी.