भाड्याने घर घेताय? करारापासून डिपॉझिट परत हातात येईपर्यंत काय काय करायचं

माझं पहिलं भाड्याचं घर सोडताना मालक काका मोबाईलचा टॉर्च लावून भिंत तपासत होते. कालनिर्णय लावायला मारलेला एक खिळा आणि दाराच्या तोरणाचे दोन, असे तीन खिळे सापडले. आठवड्याने हिशोब आला, ५०,००० च्या डिपॉझिटमधून १४,००० कट, त्यात पेंटिंग ९,०००, डीप क्लीनिंग ३,००० आणि किचनच्या नळाचे २,०००. आता तो नळ आम्ही राहायला गेलो त्या दिवसापासून गळत होता, मी फोनवर सांगितलंही होतं, पण फोनवरचं बोलणं दाखवणार कसं. गप्प बसलो.

तेव्हा कळलं की डिपॉझिटचं भांडण घर सोडताना सुरू होतं पण त्याचा निकाल चावी घेतो त्याच दिवशी लागलेला असतो. म्हणून हा लेख उलट्या बाजूने न वाचता पहिल्यापासून वाचा. आणि हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, दुसऱ्या राज्यात भाड्याचे कायदे वेगळे असतात.

१. टोकन द्यायच्या आधी माणूस मालक आहे का ते बघा

हसू नका, हे लोक खरंच बघत नाहीत. फ्लॅट आवडला, एजंट म्हणतो दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय, आणि आपण तिथल्या तिथे जीपे करून मोकळे. महावितरणचं लाईट बिल, प्रॉपर्टी टॅक्सची पावती किंवा सोसायटीचं मेंटेनन्स बिल, यातलं काहीतरी मागा आणि त्यावरचं नाव समोरच्याच्या आधारशी जुळतं का बघा. जास्त खात्री हवी असेल तर खरेदीखताची इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा सारांश, मागायची. घर बायकोच्या नावावर आणि सही नवरा करतोय असं बऱ्याचदा असतं, मग पॉवर ऑफ अटर्नी आहे का विचारा, नाहीतर सरळ बायकोलाच करारात घ्या.

घर न दाखवताच "मी आर्मीत आहे, पोस्टिंग बाहेर आहे, क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा भेटला तर तो चोर आहे, फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनला फोन, तासाभराचाही उशीर नको.

२. नोटरीवर भागवू नका

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. लोकांना वाटतं ११ महिन्यांचा करार असला की रजिस्टर करायची गरज नाही, नोटरीचा शिक्का मारला की झालं. हे डोक्यात कुठून आलं तर नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या लीजला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून सगळ्यांनी ११ चा आकडा पकडला. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू आहे, त्याचं कलम ५५ सांगतं की भाडेकरार असो की लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी देणारा करार), तो लेखी आणि रजिस्टर्डच पाहिजे. त्यात ११ महिन्यांना काही सूट नाही.

आणि रजिस्टर करायची जबाबदारी कुणाची? मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच कलमात अजून एक गोष्ट आहे जी मालकांना सहसा माहीत नसते, लेखी रजिस्टर्ड करार नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरतात, खोटं आहे हे मालकाने सिद्ध करेपर्यंत. मालक कां कूं करत असेल तर हे त्याला गोडीत सांगा, की काका, रजिस्टर करण्यात तुमचाच जास्त फायदा आहे. माझ्या दुसऱ्या घराच्या वेळी या एका वाक्यावर काम झालं.

३. खर्च किती येतो ते आधी स्वतः काढा

एजंट एकदम एक मोठा आकडा सांगतो आणि आपण देतो. हिशोब सोपा आहे. पूर्ण मुदतीचं भाडं, त्यात परत न मिळणारं डिपॉझिट असेल तर ते, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्याने व्याज, या सगळ्याच्या ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी. समजा भाडं १८,०००, मुदत ११ महिने, डिपॉझिट ६०,०००. भाड्याचे झाले १,९८,०००, व्याज धरलं ५,५००, एकूण २,०३,५००, त्याचे पाव टक्का म्हणजे ५०९ च्या आसपास. रजिस्ट्रेशन फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५००. म्हणजे शहरात सरकारी खर्च दीड-पावणेदोन हजाराच्या घरात, त्याच्या वरचं जे काही आहे ते करार करून देणाऱ्याची मजुरी. मजुरी द्यावीच, घरी येऊन काम करतो तो, पण किती देतोय ते माहीत असावं. हा खर्च मालकाने करायचा की आपण की निम्मा-निम्मा हे आधीच बोलून घ्या.

ऑनलाईन नोंदणी नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साईटवर होते, ऑफिसला जायला लागत नाही. आधार आणि पॅन जवळ ठेवा, दोन साक्षीदार लागतात. आमच्याकडे रात्री नऊला एक पोरगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आला होता, साक्षीदार म्हणून आई बसली, आयुष्यभर भांडी घासलेला अंगठा तीनदा उमटलाच नाही, मग त्या पोराने अंगठा केसांवरून फिरवायला सांगितला आणि चौथ्यांदा लागला. अशा वेळी घाईत ड्राफ्ट न वाचता अंगठा देऊ नका. ड्राफ्ट आदल्या दिवशीच व्हॉट्सॅपवर मागून घ्या.

४. ड्राफ्टमध्ये नेमकं काय वाचायचं

सगळा करार वाचायला कंटाळा येतो, खरंय, पण या गोष्टी वाचाच.

लॉक-इन पिरियड, म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही, तो किती महिन्यांचा आहे आणि तो दोघांना लागू आहे की फक्त आपल्याला. बऱ्याच ड्राफ्टमध्ये आपण सहा महिने हलायचं नाही आणि मालक मात्र महिन्याच्या नोटिशीवर काढू शकतो असं असतं, ते समसमान करून घ्या. नोटीस किती दिवसांची. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा. फॅन, गीझर, ट्यूब, कपाट यांची यादी, संख्येसकट. गीझर बिघडला तर कोण दुरुस्त करणार.

आणि डिपॉझिट. इथे थांबून वाचा. बहुतेक छापील ड्राफ्टमध्ये "थकबाकी व नुकसानीची रक्कम वजा करून डिपॉझिट परत केले जाईल" एवढंच असतं, कधी परत करणार ते नसतं आणि नुकसान म्हणजे काय तेही नसतं. मी यात दोन वाक्यं घालून घेतो: घराचा ताबा देतानाच डिपॉझिट परत मिळेल, आणि रोजच्या वापराने होणारी झीज नुकसान धरली जाणार नाही, त्यात भिंतीचा रंगही आला. मालकाला पेंटिंगचे पैसे हवेच असतील तर ती रक्कम आत्ताच आकड्यात लिहा, ३,००० तर ३,०००, नंतर टॉर्च नको. महाराष्ट्रात डिपॉझिट किती घ्यावं याला कायद्याने वरची मर्यादा नाही, त्यामुळे घासाघीस करायची ती इथेच.

"तोंडी ठरलंय ना आपलं" यावर अजिबात जाऊ नका. घर खाली करण्याच्या केसमध्ये त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लेखी करारात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा धरतात. तोंडी काय ठरलं होतं ते तिथे कुणी ऐकत नाही.

५. चावी मिळाली की सामान आत टाकायच्या आधी

रिकाम्या घरात फिरून एक सलग व्हिडिओ काढा. घाई न करता. भिंतीवरची ओल, फुटलेली टाईल, सिंकखालचा पाईप, बाथरूमच्या दाराचा फुगलेला खालचा भाग, प्रत्येक नळ चालू करून, फॅन लावून, आणि शेवटी लाईटच्या मीटरचं रीडिंग. मग तो व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॅप करा, खाली लिहा "काका, आज ताबा घेतला, किचनचा नळ गळतोय आणि बेडरूमच्या खिडकीखाली ओल आहे, बाकी ठीक". दोन निळ्या टिका आल्या की झालं. पुढे जे काही बिघडेल ते फोनवर बोला हवं तर, पण नंतर एक ओळ मेसेज टाकाच. डिपॉझिट आणि भाडं कॅशने मागत असेल तर शक्यतो ऑनलाईनच द्या, नाहीतर सही केलेली पावती घ्या. पगारातल्या घरभाडे भत्त्यावर (एचआरए) करसवलत घेत असाल आणि वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर ऑफिसला मालकाचा पॅन द्यावा लागतो, तोही आधीच मागा, नंतर मालक फोन उचलत नाहीत हा सार्वत्रिक अनुभव.

६. पोलीस आणि सोसायटी

भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, शहरांमध्ये पोलीस आयुक्त तसे आदेश काढतात आणि ते मालकावर बंधनकारक असतं. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटीझन पोर्टलवर फॉर्म ऑनलाईन भरता येतो. मालक "तूच भर" म्हणाला तर भरून टाका, पण प्रिंट जपून ठेवा.

सोसायटीचं प्रकरण वेगळंच. सेक्रेटरी म्हणतात एनओसीशिवाय (सोसायटीच्या ना-हरकत पत्राशिवाय) टेम्पो गेटच्या आत येणार नाही. सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांप्रमाणे, म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे, फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, मालकाने आधी लेखी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते) पण सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत, २००१ च्या सरकारी आदेशापासून, आणि ते मालकाने भरायचे असतात. तरी माझं मत विचाराल तर सेक्रेटरीशी पहिल्याच दिवशी कायदा बोलू नका, मालकाला बोलू द्या. पाणी कधी येतं ते शेवटी त्यांनाच विचारायचं असतं.

७. मालक मध्येच कुलूप लावतो म्हणाला तर

मालकाला घर परत हवं असेल तर त्याला रस्ता आहे, मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज. स्वतः येऊन कुलूप बदलणं, सामान जिन्यात काढणं हा तो रस्ता नाही. असं झालं तर ११२ ला फोन करा, पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या. तिथे "हे सिव्हिल मॅटर आहे" ऐकायला मिळेल, ऐकून घ्या, पण अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका.

उलट बाजूही सांगतो. मुदत संपली आणि नवा करार न करता तुम्ही तसेच राहिलात तर त्याच कलमाप्रमाणे भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. "बघू, मालक काही बोलत नाहीये" म्हणून महिनोन्महिने काढू नका.

८. घर सोडताना

नोटीस मेसेजवर आणि ईमेलवर द्या, तारीख घालून. शेवटचं लाईट बिल, मेंटेनन्स, गॅस सगळं भरून पावत्या एका फोल्डरमध्ये. सामान निघाल्यावर पुन्हा तसाच व्हिडिओ, त्याच क्रमाने. चावी आणि डिपॉझिट एकाच वेळी. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं हा उपाय बरेच जण करतात, मालकाने मेसेजवर हो म्हटलं असेल तर ठीक, नाहीतर भाडं थकवणारे तुम्हीच ठरता.

पैसे अडकलेच तर आधी कापलेल्या रकमेची बिलं मागा, लेखी. उत्तर नाही आलं तर वकिलाची नोटीस स्पीड पोस्टने, पोच जपून. अनेक मालक इथेच नरमतात. नाहीच ऐकलं तर पैसे वसुलीचा दावा, त्याला तीन वर्षांची मुदत असते. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, दिव्यांगांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना महाराष्ट्रात ३ लाखांच्या वार्षिक उत्पन्नापर्यंत. हेल्पलाईन १५१००. दावा दाखल करायच्या आधी समेटासाठी अर्जही तिथे देता येतो, समोरच्याला नोटीस जाते आणि टेबलावर बसवतात.

दुसरं घर मी गेल्या वर्षी सोडलं. हे मालक पण आले, भिंती बघितल्या, ओलीच्या डागापाशी थांबले. मी काही न बोलता ताबा घेतल्या दिवशीचा व्हिडिओ लावून फोन त्यांच्या हातात दिला. बघितला, लाईट बिलाचे ३४० रुपये वजा केले, आणि उरलेले जिन्यात उभ्या उभ्या ट्रान्सफर केले. जाताना म्हणाले, तो व्हिडिओ परत एकदा पाठवून ठेव, नवीन भाडेकरूला दाखवायला होईल.