विंडोज ७ वर सिक्युरिटी अपडेट टाकताय? या चुका टाळा

विंडोज ७ चा मोफत सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तरी जुन्या उपकरणांपायी अनेक ठिकाणी ती अजून चालते. अशा मशीनवर अपडेट बिघडतं, तेव्हा दोष बहुधा अपडेटचा नसतो. आधीची पायरी राहिलेली असते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक क्रमाची. ऑगस्ट २०१९ पासूनची अपडेट्स एसएचए-२ सहीची (अपडेट खरं असल्याची नवी डिजिटल खूण) आहेत आणि नुसता सर्व्हिस पॅक १ (विंडोज ७ च्या सुधारणांचा मोठा संच) असलेली विंडोज ती सही ओळखत नाही. ८००९२००४ हा एरर कोड दिसला तर डाउनलोड पुन्हा पुन्हा करत बसू नका. आधी केबी ४४९०६२८ (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टचा अपडेट क्रमांक) टाका, मग केबी ४४७४४१९, मग रीस्टार्ट, आणि त्यानंतरच बाकीचं. ‘हे अपडेट तुमच्या कॉम्प्युटरला लागू नाही’ असं आलं तर ३२ बिट की ६४ बिट ते पाहा; सर्व्हिस पॅक १ आहे का तेही पाहा.

२०२० नंतरचं अपडेट इन्स्टॉल होतं, पण रीस्टार्टला ‘रिव्हर्टिंग चेंजेस’ म्हणत मागे फिरतं? मशीनवर सशुल्क वाढीव सपोर्टची लायसन्स-की नसेल तर हेच होणार. हार्ड डिस्कला दोष देऊ नका.

‘सिक्युरिटी ओन्ली’ पॅकेज आकाराने लहान म्हणून निवडलं जातं. त्यात मागच्या महिन्यांचे पॅच नसतात, इंटरनेट एक्सप्लोररचेही नसतात. मध्ये एक महिना सुटला की सुरक्षेतलं भोक तसंच राहतं. खास कारण नसेल तर मंथली रोलअपच (मागचे पॅचही असलेलं मासिक पॅकेज) घ्या.

पॅच किती गंभीर, हे नुसत्या रेटिंगवरून ठरवू नका. २०१९ चं ब्लूकीप हे भोक रिमोट डेस्कटॉपमधलं, म्हणजे दुरून मशीन चालवायच्या सेवेतलं. ती सेवा बंद असलेल्या मशीनला धोका कमी. उलट फाइल शेअरिंग चालू असेल तर २०१७ चा एमएस१७-०१० हा पॅच टाळून चालणारच नाही. तो जे भोक बुजवतो, त्यातूनच वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला. हा पॅच लागला का, हे अपडेटच्या यादीवरून नेमकं कळत नाही, कारण नंतरच्या रोलअपमध्ये तो मिसळलेला असतो. सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमधली एसआरव्ही डॉट एसवायएस ही फाइल शोधून प्रॉपर्टीजमध्ये आवृत्ती बघा: ६.१.७६०१.२३६८९ किंवा पुढची हवी.

बॅकअपशिवाय तर हात लावूच नका, आणि तो पूर्ण डिस्क इमेजचा, म्हणजे अख्ख्या डिस्कच्या प्रतीचा हवा. नुसते डॉक्युमेंट्स पुरत नाहीत. जानेवारी २०१८ च्या पॅचने जुन्या एएमडी प्रोसेसरची काही मशीन सुरूच होईनात. सर्व्हिसिंग स्टॅकचं (अपडेट बसवणाऱ्या विंडोजच्या भागाचं) अपडेट तर एकदा बसलं की काढताही येत नाही.

मशीन अडकलंच तर सुरू होताना एफ८ दाबून ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’मध्ये जा आणि कमांड प्रॉम्प्टवरून डीआयएसएम या विंडोजच्या दुरुस्ती-कमांडचा ‘रिव्हर्ट पेंडिंग ॲक्शन्स’ (अर्धवट अपडेट मागे घेणारा) पर्याय वापरा. तिथे विंडोजची ड्राइव्ह बऱ्याचदा सी नसून डी असते, म्हणून आधी डीआयआर ही फोल्डरची यादी दाखवणारी कमांड देऊन विंडोज फोल्डर कुठे आहे ते पाहा.