चांगलं शिकवणारा कारखाना निवडायचा कसा

कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या मालकाला चांगलं ट्रेनिंग देतो म्हणून बक्षीस द्यायचं असेल तर आधी फाईल बाजूला ठेवा, फोटो अन् सर्टिफिकेटं सगळ्यांकडंच असतात. शिफ्ट सुटताना अप्रेंटिस, म्हणजे काम शिकायला आलेल्या पोराला गाठून विचारा, सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापाचे आकडे, तू स्वतः टाकतोस का नुसता जॉब (घडवायचा तुकडा) लावतोस-काढतोस, चुकलं तर समजावतं कोण? सुपरवायझर शेजारी नको हां. स्टायपेंड बँकेत येतो का तेही बघा. ३० किंवा जास्त माणसं असली की २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं कायद्यानंच बंधनकारक, त्यामुळं नुसते घेतले म्हणून मार्क देऊ नका. छोट्या वर्कशॉपवाल्यांची यादी वेगळी करा, नायतर मोठेच दरवर्षी ट्रॉफी नेणार. अन् शिकवणाऱ्या फोरमनलापण स्टेजवर बोलवा.