नोकरी सांभाळून केलेला अभ्यासक्रम कामी कसा आणावा

व्यवसाय सांभाळून शिकणाऱ्या बहुतेकांना अभ्यासक्रमापेक्षा अटीची चिंता अधिक असते. प्रॅक्टिस करणाऱ्या सनदी लेखापालांना तीन वर्षांत १२० सीपीई तास, म्हणजे व्यवसायात असताना चालू ठेवायच्या शिक्षणाचे तास, भरावे लागतात, तर महाराष्ट्रातील डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण लागतात. मुदत जवळ आली की मिळेल त्या व्याख्यानाला हजेरी लावून आकडा गाठता येतो. मात्र असे तास हाती काही ठेवून जात नाहीत. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच दोन-तीन विषय ठरवावेत आणि तास त्या विषयांभोवती भरावेत.

विषय ठरवताना माहितीपत्रकाआधी आपले टेबल पाहावे. गेल्या काही महिन्यांत कोणत्या कामाशी आपण अडलो, हे एका वाक्यात लिहून काढावे. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर फी भरण्याची घाई करू नये. समजा, आपण चाकणच्या एखाद्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहात आणि पुरवठादाराचे भाग सीएमएमवर, म्हणजे मापे तपासणाऱ्या यंत्रावर, नापास होतात, पण जोडणीत मात्र बिनतक्रार बसतात. अशा वेळी ‘गुणवत्ता व्यवस्थापन’ असा ऐसपैस अभ्यासक्रम घेण्यापेक्षा जीडी अँड टी, म्हणजे ड्रॉइंगवरील भौमितिक टॉलरन्सचा (आकार आणि जागा यांत चालणाऱ्या फरकाचा) नेमका अभ्यासक्रम घ्यावा आणि पहिल्याच दिवशी कंपनीच्या परवानगीने, गोपनीय तपशील झाकून, तेच ड्रॉइंग बरोबर न्यावे. १०.० ते १०.२ मिलिमीटर व्यासाच्या छिद्राला ०.२ची पोझिशन टॉलरन्स, म्हणजे छिद्राची जागा सरकण्याची मुभा, दिली असेल आणि तिच्यापुढे वर्तुळातला ‘एम’ असेल, तर छिद्र किमान मापापेक्षा जितके मोठे, तितकी ती मुभा वाढते: छिद्र प्रत्यक्षात १०.१५ निघाल्यावर ती टॉलरन्स ०.३५ होते, तो ‘एम’ नसेल, तर ०.२च राहते. जोडणीत बसणारा भाग कागदावर का नापास होतो, याचे उत्तर कित्येकदा या एका खुणेत असते. शिक्षकांना आपल्या ड्रॉइंगवरून प्रश्न विचारला की तासाभराच्या व्याख्यानाइतके पाच मिनिटांत पदरात पडते.

ऑनलाइन पर्यायांत एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटी आणि आयआयएस्सी यांच्या ऑनलाइन उपक्रमाचे, अभ्यासक्रम नोकरदारांना सोयीचे आहेत. ते साधारणपणे जानेवारी आणि जुलैच्या सत्रांत चालतात. नावनोंदणीला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल, तर परीक्षेची नोंदणी वेगळी करून शुल्क भरावे लागते आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. एकूण गुणांत असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असते. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात, त्यामुळे कामाच्या रेट्यात एखादी राहिली म्हणून अभ्यासक्रम सोडून देऊ नये. प्रमाणपत्राची गरज नसली, तरी असाइनमेंट सोडवाव्यात, कारण नुसते व्हिडिओ पाहिल्याने समजल्यासारखे वाटते, एवढेच.

प्रत्यक्ष वर्ग निवडणार असाल, तर अंतराचा हिशोब प्रामाणिकपणे करावा. हिंजवडीत सहाला सुटून सातच्या वर्गाला शिवाजीनगर गाठण्याचा बेत पहिल्याच पावसात कोलमडतो. अशांनी शनिवार-रविवारची तुकडी पाहावी, किंवा घराजवळ कमी नावाजलेला वर्ग असेल तर तो घ्यावा. चुकलेल्या तासांची भरपाई नावाजलेली संस्थाही करून देत नाही. मधल्या चहाच्या सुट्टीत फोन बाजूला ठेवावा. दुसऱ्या कंपनीतले लोक तोच प्रश्न कसा सोडवतात, हे तिथेच कळते.

फी कंपनी भरणार असेल, तर सही करण्याआधी बाँड वाचावा. किती महिने नोकरी सोडता येणार नाही आणि सोडल्यास पूर्ण रक्कम परत करावी लागते की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, हे दोन मुद्दे लेखी पाहावेत. पावती आणि जीएसटीचे बिल कोणाच्या नावे हवे, तेही आधीच विचारावे. नंतर बदलून घेताना दमछाक होते.

अभ्यासक्रम संपण्याची वाट न पाहता वरिष्ठांकडे त्याच विषयातले एखादे छोटे काम मागावे. वरच्या उदाहरणात, नापास ठरलेल्या भागांचे जुने तपासणी अहवाल नव्याने पाहण्याचे काम पुरेसे आहे. अडेल तिथे विचारायला शिक्षक अजून हाताशी असतात, तोवर ते सुरू झालेले बरे.