इंग्रजी अनेकवचनाआधी ‘द’ लावायचा की नाही, हे कसं ठरवायचं

अनेकवचन करता येतं आणि त्याच्याआधी ‘अ’ किंवा ‘ॲन’ येत नाही हे माहीत आहे, असं धरून चालू. म्हणजे पर्याय दोनच उरतात: ‘द’ लावायचा किंवा मोकळं सोडायचं.

१. आधी बघा, बोलणं सबंध जातीबद्दल आहे का. असेल तर ‘द’ नको. ‘डॉग्ज आर फेथफुल’, बस्स. इथे घोटाळा करतं ते एकवचन. ‘द टायगर इज ॲन एन्डेंजर्ड ॲनिमल’ या वाक्यात ‘द’ वाघाच्या सगळ्या जातीसाठी आहे, म्हणून लोक ‘द टायगर्स लिव्ह इन फॉरेस्ट्स’ लिहून मोकळे होतात. ‘द टायगर्स’ म्हणजे ठरावीक वाघ, समजा ताडोब्यातले.

२. एकदा उल्लेख होऊन गेला की पुढच्या वेळी ‘द’: ‘आय बॉट मँगोज अँड बनानाज. द मँगोज वेअर रॉ.’

३. खरी अडचण पुढे आहे. पहिल्यांदाच उल्लेख होतोय, पण वस्तू समोरच्याला माहीत आहेत, तेव्हा काय करायचं? ‘मराठीत ते, त्या, ती लावून बघा, जमलं तर द’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो सोडून द्या. ‘मुलं आली का?’ असं घरात विचारताना आपण ‘ती मुलं’ म्हणत नाही, पण इंग्रजीत ‘हॅव द चिल्ड्रन कम?’ असंच म्हणावं लागतं. मराठी हे काम वेगळ्या शब्दाने करत नाही, बरेचदा शब्दांच्या क्रमाने करते. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा:

‘टेबलावर पुस्तकं आहेत.’
‘पुस्तकं टेबलावर आहेत.’

पहिल्यात पुस्तकांची बातमी नवी आहे: ‘देअर आर बुक्स ऑन द टेबल’. दुसऱ्यात पुस्तकं कुठली ते दोघांनाही ठाऊक आहे, नवी आहे ती फक्त जागा: ‘द बुक्स आर ऑन द टेबल’. मनातल्या मराठी वाक्यात नाम सुरुवातीला आलं आणि जागा किंवा स्थिती नंतर, तर बहुतेक वेळा ‘द’ लागतो. वाक्य सबंध जातीबद्दल असेल तर मात्र ही खूण चालत नाही, म्हणून पहिली पायरी आधी.

एवढ्यावर थांबू नका, कारण अनेकवचनाआधीचा ‘द’ आणखी एक गोष्ट सांगतो: सगळे. ‘आय हॅव सेंट द डॉक्युमेंट्स’ म्हणजे मागितलेले सगळे कागद पाठवले. पाचातले तीनच पाठवले असतील तर हे वाक्य खोटं ठरतं. ‘सम ऑफ द डॉक्युमेंट्स’ लिहा. ऑफिसच्या ईमेलमध्ये या एका ‘द’वरून नंतर वाद होतात, तेव्हा पाठवण्याआधी मनात ‘सगळे?’ विचारा.

आणखी एक चुकीचा सल्ला: ‘नामापुढे ऑफ, ऑन किंवा हू आलं की द लावा.’ असं काही नाही. ‘बुक्स ऑन हिस्टरी’ हा फक्त प्रकार झाला, ‘द’ नको. ‘द बुक्स ऑन दॅट शेल्फ’ बोट दाखवून मोजता येतात, म्हणून ‘द’ हवा. ‘स्टुडंट्स हू वर्क हार्ड डू वेल’ हे कुठल्याही मुलांबद्दल आहे. ‘द स्टुडंट्स हू मिस्ड येस्टरडेज टेस्ट’ यांची यादी हजेरीपटावरून काढता येते. यादी निघते का, एवढंच बघा.

४. ‘मोस्ट’च्या जोड्या पाठ करा, तर्क नको: ‘मोस्ट स्टुडंट्स’ किंवा ‘मोस्ट ऑफ द स्टुडंट्स’. ‘मोस्ट ऑफ स्टुडंट्स’ चूक. ‘वन ऑफ द’नंतर नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी: ‘वन ऑफ द बॉइज इज ॲबसेंट’. ‘वन ऑफ द बेस्ट प्लेअर’ तर वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही सापडतं.

५. विशेषनामं. डोंगररांगा आणि बेटांचे समूह ‘द’ घेतात: ‘द हिमालयाज’, ‘द वेस्टर्न घाट्स’, ‘द मालदीव्ज’. एकटं शिखर घेत नाही, म्हणून नुसतं ‘माउंट एव्हरेस्ट’. ‘द नेदरलंड्स’ आणि ‘द युनायटेड स्टेट्स’ दिसतात अनेकवचनी, पण देश म्हणून क्रियापद ‘इज’च. ‘द जोशीज’ म्हणजे सगळं जोशी कुटुंब. १९९० च्या दशकाला ‘द नाइन्टीन नाइन्टीज’.

६. ‘द पुअर’, ‘द रिच’ यांना एस लागत नाही, तरी अर्थ अनेकवचनी आणि क्रियापद ‘आर’. एकाच माणसाबद्दल बोलायचं असेल तर ‘अ पुअर मॅन’ किंवा ‘अ पुअर वुमन’. ‘अ पुअर’ एवढंच म्हणून भागत नाही.